‘डूलॅली’ : इंग्रजांच्या तोंडी गेलेली आपली देवळाली

दारणाकाठ

मी मूळची देवळाली कॅम्पची. अकरा वर्षं झाली, इंग्लंडात यॉर्कशरमध्ये नर्स आहे, वृद्धांच्या वॉर्डात. गेल्या महिन्यात रात्रपाळीला एक प्रकार घडला, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

नव्वदी ओलांडलेल्या एक आजी लघवीच्या संसर्गामुळे भरती झाल्या होत्या. संध्याकाळी माझ्याशी नीट गप्पा मारल्या, नातवाचा फोटो दाखवला. रात्री अकराच्या सुमारास मात्र पलंगाचा कठडा धरून उठायला लागल्या. गाडी चुकेल म्हणत होत्या, बॅग कुठे ठेवली ते विचारत होत्या. या वयात संसर्ग झाला की असं पुष्कळदा होतं. माणूस दोनचार तासांत पार बदलतो आणि संसर्ग आटोक्यात आला की बहुतेक वेळा परत ताळ्यावर येतो. आमच्या आजीच्या भाषेत ‘तापात वात झाला’. मी कानात थर्मामीटर धरला, ३८.६. औषध चालूच होतं. थोडं थोडं पाणी पाजलं आणि हात धरून बसून राहिले.

पहाटे जरा भानावर आल्यावर त्यांनी विचारलं, “मी डूलॅली झाले होते का गं?” मग स्वतःच म्हणाल्या, “आमचे वडील म्हणायचे, डूलॅली टॅप.” आणि ‘टॅप’ म्हणताना बोटाने कानशिलावर टकटक केलं.

डूलॅली हा शब्द मी इथे आल्यापासून ऐकतेय. वेडं होणं, चक्रम वागणं, गोंधळून जाणं अशा अर्थाने लोक सर्रास वापरतात. तो आपल्या देवळालीवरून आलाय हेही कुठेतरी वाचलं होतं. पण मागच्या ‘टॅप’कडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आजींना वाटत होतं की टॅप म्हणजे डोक्यावर मारलेली टिचकी. इथे बऱ्याच जणांना तसंच वाटतं. खरं तर तो आपला ‘ताप’ आहे. इंग्रजी कोशकार तो हिंदुस्थानीतून आला असं सांगतात आणि मागे संस्कृत ‘ताप’ दाखवतात. फारसीतही तापाला जवळपास असाच शब्द आहे. म्हणजे डूलॅली टॅप = देवळालीचा ताप. हातात थर्मामीटर, समोर तापात बरळून थकलेलं माणूस, आणि तिच्या तोंडात हा शब्द. मी त्यांना म्हटलं, आजी, ही टिचकी नाही, हा ताप आहे, आणि डूलॅली म्हणजे माझं गाव. त्यांनी माझ्याकडून तीनदा ‘देवळाली’ म्हणवून घेतलं. ‘ळ’ काही जमेना, पण प्रयत्न मनापासून चालला होता.

आता शब्दाच्या मुळाबद्दल. देवळालीची छावणी १८६०च्या दशकातली. इंग्लंडहून आलेले गोरे सैनिक मुंबईला उतरले की आधी इथे येत आणि मग हिंदुस्थानभर आपापल्या पलटणीत जात. मुदत संपलेले सैनिक परतीच्या बोटीसाठी पुन्हा इथेच येऊन थांबत. माझ्या मते शब्द जन्मला तो या थांबण्यात.

सैनिकांच्या बोटी वर्षभर नसत. साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंतचा हंगाम असे. पुढे तांबड्या समुद्रातला उन्हाळा, मग आपला पावसाळा. ज्याची मुदत नेमकी हंगाम सरता सरता संपली, त्याने पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसून राहायचं. पाचसहा महिने. हत्यार जमा केलेलं, नेमून दिलेलं काम जवळपास काही नाही. मन घरी पोचलेलं आणि शरीर बराकीत. बाहेर ऊन, मग पाऊस, बाजारात दारू.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई होता, रॉयल वेल्श फ्युझिलियर्समधला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात होता. १९३६ साली आलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात त्याने हेच कारण दिलंय. इथल्या कंटाळ्यामुळे माणसं विचित्र वागायला लागायची, त्यावरून ही म्हण पडली असावी, असं तो म्हणतो. वर्षानुवर्षं चोख नोकरी केलेली माणसं या शेवटच्या मुक्कामात काहीतरी गुन्हा करून बसायची आणि बोटीऐवजी तुरुंगात जायची, हेही त्याने लिहिलंय. मला हे वाचून फार वाईट वाटलं. दहाबारा वर्षं परमुलखात काढायची आणि उंबरठ्यावर येऊन कोसळायचं.

नाशिककरांनी, भगूरकरांनी आणि भाषेत रस असलेल्या सगळ्यांनी भर घालावी.

अनुस्वार

फार छान लिहिलंय, ताई. ‘टॅप’चं मला ठाऊक नव्हतं.

एक भर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२५ साली, फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश काढला. त्यात हा शब्द ‘देओलाली टॅप’ असाच नोंदवलाय, म्हणजे गावाचं नाव अजून ओळखू येतंय. अर्थ वेडा, डोकं फिरलेला. आणि पुढे शेरा आहे ‘जुनं लष्कर’. म्हणजे १९२५ सालीच तो मुरलेल्या शिपायांचा शब्द मानला जात होता.

उच्चाराचं म्हणाल तर दोष त्यांच्या कानाचा नाही. त्यांच्याकडे ‘ळ’ नाही. रेल्वेच्या पाटीवर इंग्रजीत जे लिहिलं होतं त्यात ‘व’चा ‘ओ’ झाला होता. देवळालीचं देओलाली झालं, आणि घाईत बोलताना देओलालीचं डूलाली, डूलॅली.

जुनी_छावणी

मी गेली साठ वर्षं कॅम्पात राहतो. लहानपणी एक कथा ऐकली होती आणि इंग्लंडहून येणारे पर्यटकही तीच सांगतात, की इथे गोऱ्या सोल्जरांसाठी मोठं वेड्यांचं इस्पितळ होतं आणि त्यावरून शब्द पडला. दारणाकाठ यांनी ते लिहिलं नाही म्हणून विचारतो.

दारणाकाठ

काका, ती कथा मीही ऐकलीय आणि मुद्दाम बाजूला ठेवली. लष्करी इस्पितळ इथे होतं, आजही आहे. आजारी सैनिक, त्यात मनाने आजारीही, परतीच्या वाटेवर इथूनच जाणार हे उघड आहे. पण परदेशातून येणाऱ्या मनोरुग्ण सैनिकांची खास सोय होती ती इंग्लंडात, साउदॅम्प्टनजवळ नेटली इथल्या लष्करी इस्पितळाच्या ‘डी ब्लॉक’मध्ये. तो १८७० साली सुरू झाला. त्यांना देवळालीला आणून ठेवत नसत, देवळालीवरून पुढे नेत. शब्द वेड्यांच्या इस्पितळावरून पडला असता तर त्याच्या मागे ‘ताप’ कशाला लागला असता, असंही मला वाटतं. त्या काळच्या गोऱ्या शिपायाला हिंदुस्थानात सगळ्यात मोठी धास्ती तापाचीच होती. मलेरियाचा परजीवी डासात सापडला तो १८९७ साली, रोनाल्ड रॉसला, सिकंदराबादला. तोवर हवा, ऊन, दलदलीची वाफ, ज्याला जे वाटेल ते कारण.

रुळावरून

बोटींबद्दल थोडं.

१८६०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारने खास सैनिकांची ने-आण करायला पाच मोठ्या बोटी बांधल्या : क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पोर्ट्समथहून निघायच्या. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला. त्याआधी माणसं इजिप्तमध्ये उतरून रेल्वेने सुएझपर्यंत जात आणि तिथे दुसरी बोट पकडत.

इकडे थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, आगगाडी इगतपुरीपर्यंत १८६५ साली पोचली. मुंबईपासून देवळाली लोहमार्गाने सुमारे १८० किलोमीटर. बंदराला इतकं जवळ, तरी घाटावर, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. मुंबईच्या दमट हवेत पलटणीच्या पलटणी डांबून ठेवण्यापेक्षा इथे ठेवणं सोयीचं होतं.

आपल्याकडे कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्या पुन्हा खुला होतो. त्या शिपायांचाही दर्या असाच बंद असायचा, फक्त त्यांची पौर्णिमा फार लांब होती.

शब्दवेडी

मला यातला ‘ताप’ सगळ्यात आवडला, कारण मराठीत त्या एका शब्दात काय काय मावलंय बघा. अंगात ताप येतो. पोरं डोक्याला ताप देतात. मनस्ताप, संताप, पश्चात्ताप. तवा तापतो आणि माणूसही तापतो. ज्या शिपायाला देवळालीचा ताप चढला त्याच्या अंगाला हात लावून बघितला असता तर गार लागला असता. त्याच्या डोक्याला ताप होता. ही अर्थाची उडी इंग्रजीला सैनिकांनी मारून दाखवली, आपण ती रोज मारतो.

तुमच्या आजींनी म्हटलेला ‘वात’ही जुना आहे. आयुर्वेदात तिन्ही दोष बिघडून येणाऱ्या तापाला सन्निपात ज्वर म्हणतात, त्यात प्रलाप हे लक्षण सांगितलंय. बोलीत ‘वात झाला’ म्हणजे तापात बरळायला लागला. माझ्या सासरी मराठवाड्यात अजून म्हणतात.

ताई, आज तिकडे हा शब्द नक्की कुठे कुठे वापरतात? तरुण वापरतात का?

दारणाकाठ

वापरतात, पण ‘टॅप’ गळून गेलाय. तो फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी, आणि तोही कमीच. नुसतं ‘डूलॅली’ मात्र टिकलंय आणि त्याचे अर्थ पसरलेत.

मूळ अर्थ वेडा. तो आता बराच मवाळ झालाय, म्हणजे ‘चक्रम’ किंवा ‘सटकलाय’च्या जवळ. दुसरा, विसराळूपणा. चष्मा फ्रिजमध्ये सापडला की लोक स्वतःलाच म्हणतात, मी डूलॅली होत चाललेय. तिसरा, कशाने तरी भारून जाणं. एखादी बाई नातवंडावरून डूलॅली झालीय, म्हणजे त्याच्यापायी तिला दुसरं काही सुचत नाही. चौथा यंत्रांसाठी. आमच्या वॉर्डातला प्रिंटर आठवड्यातून एकदा डूलॅली होतो.

यातल्या दुसऱ्या अर्थाबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. पेशंटने स्वतःबद्दल हा शब्द वापरला तर त्यात थोडी भीती असते, थोडा धीर असतो. मी तो अडवत नाही. पण आम्ही त्यांच्याबद्दल तो वापरत नाही. शिकाऊ मुलींनाही मी हेच सांगते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या लेकीला तो फार लागतो.

मामलेदारांचा_चहा

हे वाचून माझं लहानपण आठवलं. मी ठाण्याचा. शाळेच्या सहलीत, लग्नात, कुठेही गाव सांगितलं की समोरचा हटकून म्हणायचा, “ठाण्याचा? म्हणजे सुटला की काय?” आमच्या गावात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडात आहे. पुण्याकडे तेच येरवड्याबद्दल, उत्तरेत आग्रा आणि रांचीबद्दल. माझी मावशी त्या इस्पितळात काही महिने होती आणि बरी होऊन घरी आली. पुढे तिने पंचवीस वर्षं शिवणक्लास चालवला. तिच्यासमोर कोणी ते वाक्य म्हटलं की ती उठून आत जायची.

तेव्हा इंग्रजांनी देवळालीचं नाव खराब केलं असं कोणाला वाटत असेल तर आपण आपल्याच गावांचं काय केलंय तेही बघू या.

अनुस्वार

@मामलेदारांचा_चहा, मोलाचं लिहिलंत.

इंग्रजांनीही आपल्या गावांचं तेच केलंय. ‘बेडलम’ म्हणजे गोंधळ, आरडाओरडा. तो शब्द लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून आला. १२४७ साली स्थापन झालेला मठ, पुढे वेड्यांचं इस्पितळ. आणि बेथलेम म्हणजे ख्रिस्ताचं जन्मगाव! उत्तर लंडनमधल्या कोल्नी हॅच या गावाचंही नाव तिथल्या इस्पितळामुळे असंच वेडाशी जोडलं गेलं.

उलटंही होतं. ‘बार्मी’ म्हणजे चक्रम. केंटमध्ये बार्मिंग नावाचं गाव आहे, तिथे मनोरुग्णालय होतं, म्हणून लोक ठामपणे सांगतात की शब्द तिथूनच आला. पण ‘बार्म’ म्हणजे दारू आंबवताना वर येणारा फेस. डोक्यात फेस भरलाय तो बार्मी, आणि शब्द इस्पितळाच्या कितीतरी आधीचा. म्हणून गावावरून आलेल्या प्रत्येक व्युत्पत्तीकडे मी जरा संशयाने बघतो. देवळालीच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. गावाचं नाव आणि ‘टॅप’ दोन्ही जोडीने कोशात छापलेले आहेत.

पोळपाट

असे आणखी शब्द आहेत का, गोऱ्या शिपायांनी इथून नेलेले?

शब्दवेडी

पुष्कळ! माझ्या आवडीचे तेवढे सांगते.

‘ब्लायटी’ म्हणजे इंग्लंड, मायदेश. हा आपला विलायती. अरबी विलायत म्हणजे राज्य, प्रांत. इथे येऊन त्याचा अर्थ झाला दूरचा परका मुलूख, म्हणजे मुख्यतः इंग्लंड. आपण अजून विलायती चिंच म्हणतो. उत्तरेत उच्चार बिलायती, सोडावॉटरला बिलायती पानी म्हणत. शिपायाने तो उचलला आणि त्याच्या तोंडी तो झाला ‘घर’. पहिल्या महायुद्धात खंदकातला सैनिक ‘ब्लायटी’ मिळावी म्हणून देवाची प्रार्थना करायचा. ब्लायटी म्हणजे अशी जखम, जी जीव घेणार नाही पण घरी पाठवायला पुरेल. आपण ज्या शब्दाने ‘परकं’ म्हणतो त्याच शब्दाने ते ‘आपलं’ म्हणत होते. मला हे दरवेळी हलवून जातं.

‘डिक्सी’ म्हणजे लष्करात चहा किंवा रस्सा शिजवायचं मोठं भांडं. ही देगची. आपली डेचकी तिची सख्खी बहीण. ‘डेको’ म्हणजे नजर टाकणं, आपलं देखो. ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी. ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, हे खुश, खुशीवरून. ‘पक्का’ तर जसाच्या तसा आहे. ‘रूटी’ म्हणजे रोटी, आणि लांब नोकरीबद्दल मिळणाऱ्या पदकाला ते रूटी गाँग म्हणायचे, इतकी वर्षं लष्कराची रोटी खाल्ली म्हणून.

शुद्ध मराठीतून गेलेला, पण बोलीतला नव्हे तर प्रमाण इंग्रजीतला, ‘माँगूस’. आपलं मुंगूस.

जुनी_छावणी

दारणाकाठ, इस्पितळाचं पटलं. आता माझी थोडी भर.

हा वाट बघण्याचा प्रकार शेवटपर्यंत होता. दुसरं महायुद्ध १९४५ला संपलं तरी गोऱ्या सैनिकांना घरी न्यायला बोटी पुरेनात. जानेवारी १९४६मध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर रॉयल एअर फोर्सच्या माणसांनी काम बंद केलं, ते याच कारणासाठी. लढाई संपली, आता घरी सोडा. लोण पुढे इतर तळांवरही पसरलं. त्यानंतरच्या महिन्यात मुंबईत आपल्या नौसैनिकांचा उठाव झाला तो सगळ्यांना माहीत आहे, हा फारसा कोणाला माहीत नाही.

देवळालीत त्या दिवसांत तोफखान्याच्या लोकांचं नाटक-गाण्यांचं पथक होतं. त्यात जिमी पेरी नावाचा तरुण होता. त्याने पुढे १९७४ साली बीबीसीवर एक विनोदी मालिका आणली, देवळालीच्याच छावणीत घडणारी. १९८१पर्यंत चालली. त्यामुळे गावाचं नाव तिकडे घरोघरी गेलं. पण एका गोऱ्या नटाला रंग लावून हिंदुस्थानी बेअरर केलं होतं. आज ती तिथेही सहसा दाखवत नाहीत आणि मला ते योग्य वाटतं.

आणि एक. मुंबईचे पारशी, गुजराती, बोहरी लोक पिढ्यान्‌पिढ्या देवळालीला हवा पालटायला येतात. इथली सॅनेटोरियमं त्यासाठीच बांधलेली. माझे वडील तिथे दूध घालायचे. मी त्यांच्याबरोबर जायचो. खोकून हैराण झालेली माणसं महिन्याभरात व्हरांड्यात येऊन बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या गावाच्या नावाने ताप ओळखला जावा याचं मला वाईट वाटतं, ते वाटू द्या.

रुळावरून

पुण्या-मुंबईत डूलॅली नावाची क्राफ्ट बिअरची ठिकाणं आहेत, तिथे जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? माझ्या ऑफिसातल्या मुलांना आज सांगितलं. त्यातला एक भगूरचा निघाला. म्हणाला, सावरकरांच्या गावाला लागून असलेली ती देवळाली? त्याला स्टेशनच्या नावातून हा शब्द निघाला हे खरंच वाटेना.

पोळपाट

शब्दवेडी, धन्यवाद. आमच्या घरी डेचकीच म्हणतात, आता चहा टाकताना डिक्सी आठवेल.

ताई, त्या आजी कशा आहेत?

दारणाकाठ

काका, तुमचं वाईट वाटणं अगदी समजतं. माझे आजोबाही सॅनेटोरियमच्या बागेत कामाला होते.

आजींचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पाचव्या दिवशी घरी गेल्या. जायच्या आधी मी जेवणाच्या यादीच्या मागे देवनागरीत ‘देवळाली’ आणि खाली ‘ताप’ असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तो कागद त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला. त्यांचे वडील तोफखान्यात होते, युद्धाच्या आधी हिंदुस्थानात काही वर्षं काढली एवढंच त्यांना माहीत आहे. कुठे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, फक्त घरात काही बिनसलं की ‘डूलॅली टॅप’ म्हणायचे. धाकट्या बहिणीकडे बिस्किटांच्या डब्यात त्यांची पत्रं आहेत. पुढच्या तपासणीला येतील तेव्हा पाकिटं घेऊन येते म्हणाल्या. पोस्टाचा शिक्का वाचता आला तर इथे लिहीन.